नंबर 2340, पट्टे पाच, रंग टस्कन: एका जीजी-1 ची तपासणी

विक्रीला आलेलं खेळण्यातलं इंजिन अमेरिकेतल्या लायनेल कंपनीचं ओ गेज (रुळांच्या रुंदीचं एक माप) जीजी-1, म्हणजे पेन्सिल्व्हेनिया रेलरोडच्या विजेवरच्या इंजिनाचं मॉडेल. रंग टस्कन, म्हणजे तपकिरीकडे झुकणारा विटकरी लाल. दोन्ही बाजूंना नाकापासून नाकापर्यंत पाच बारीक सोनेरी पट्टे, लाल कीस्टोन (त्या रेलरोडचं बोधचिन्ह), नंबर 2340. सोबत नारिंगी-निळं खोकं, त्याच्या टोकावर 2340-1 छापलेलं. विकणाऱ्याचं म्हणणं: 1955 चं मूळ इंजिन, ‘काँग्रेशनल’ संचातलं, पट्टे जवळपास शंभर टक्के शाबूत. मागितलेली किंमतही त्याच हिशोबाने.

नंबर, रंग, पट्टे, खोकं, वर्णनातली प्रत्येक गोष्ट एकमेकींशी जुळते आणि तरीही इंजिन मूळ रंगातलं नाही. तिथपर्यंत कसं पोचलो ते इथे क्रमाने मांडलं आहे, कारण याच धर्तीची जीजी-1 बाजारात सतत फिरत असतात.

आधी हा नंबर काय सांगतो आणि काय सांगत नाही ते पाहू. पेन्सिल्व्हेनिया रेलरोडची खरी जीजी-1 इंजिनं 139 होती. ती 1934 ते 1943 या काळात बांधली गेली आणि त्यांचे नंबर होते 4800 ते 4938. लायनेलने त्या काळातल्या मॉडेलवर यातला एकही नंबर घातला नाही, स्वतःचा कॅटलॉग नंबर छापला. त्यामुळे बाजूवरचा आकडा खऱ्या इंजिनाशी जुळवण्यात अर्थ नाही. तो कारखान्याच्या उत्पादनक्रमाशी जुळवायचा. 1947 ते 1949 या काळात 2332: एकच मोटर, मॅग्नेट्रॅक्शन (चाकं चुंबकित करून रुळावर पकड वाढवण्याची सोय) नाही, पाच पट्टे. 1950 मध्ये 2330: दोन मोटरी, मॅग्नेट्रॅक्शन, फक्त हिरवा रंग. 1955 या एकाच वर्षी 2340, टस्कन आणि हिरवा अशा दोन रंगांत. 1956 पासून 2360, सुरुवातीला दोन्ही रंगांत पाच पट्ट्यांसह. मग 1957 पासून टस्कन 2360 वर पाचांऐवजी एकच रुंद पट्टा आला. खऱ्या जीजी-1 वरही पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात रुंद पट्टा आणि मोठा कीस्टोन आला होता, मॉडेल त्याच्या मागोमाग बदललं. 1961 ते 1963 मध्ये 2360 पुन्हा निघालं, तेही एका पट्ट्याचं.

एक तपशील इथेच लक्षात घ्यावा. 2340-1 म्हणजे टस्कन आणि 2340-25 म्हणजे हिरवं, पण डॅशपुढचे हे आकडे फक्त खोक्यावर असतात. इंजिनाच्या अंगावर दोन्हींत नुसतं 2340 च असतं. म्हणजे रंगाचा पुरावा नंबरातून मिळत नाही. हिरव्या 2340 ला टस्कन रंग दिला तर नंबरात काडीचाही फरक करावा लागत नाही.

पाच पट्ट्यांचं टस्कन 1955 आणि 1956 या दोनच वर्षांतलं, त्यातही 2340 एकाच वर्षाचं. साहजिकच त्याला मागणी. त्यात जीजी-1 ची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव आणि गुळगुळीत गोलाईची. इंजिन उचलताना बोटं नेमकी पट्ट्यांवरच पडतात आणि ती सोनेरी शाई नाजूक असते. म्हणून पट्टे पुसलेली जीजी-1 ढिगाने सापडतात, आणि ती नव्याने रंगवण्याचा धंदाही जुना आहे. रंगकाम करणं यात गैर काही नाही. ते न सांगता मूळ म्हणून विकणं गैर आहे.

तपासणीला सामान थोडंच लागतं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, अरुंद झोत पाडणारी छोटी विजेरी, 365 नॅनोमीटरचा अतिनील दिवा, कापसाच्या काड्या, डिस्टिल्ड पाणी, अंगावर ओरखडा न उठवणारा फोमचा गादीवजा तुकडा, आणि खाचेत घट्ट बसेल अशा रुंदीचा पेचकस. पेचकस सैल असला तर स्क्रूची खाच तुमच्याच हातून खराब होते आणि पुढच्या तपासणाऱ्याची दिशाभूल करते.

पहिली पायरी चासी. दोन मोटरी दिसल्या. चालक चाकांना टाचणी लावली तर चिकटते, म्हणजे मॅग्नेट्रॅक्शन आहे. यावरून एवढंच ठरलं की खालचा भाग 2332 चा नाही. 2330, 2340, 2360 यांपैकी कशाचाही असू शकतो. इथे पुष्कळ जण थांबतात आणि ‘चासी जुळते’ म्हणून खूण करून टाकतात. चासी जुळते म्हणजे ती विरोधात जात नाही, इतकंच. बॉडी आणि चासी थोड्या स्क्रूंनी सुटतात आणि सत्तर वर्षांत त्यांची कितीही अदलाबदल झालेली असू शकते.

चासीने दुसरी एक गोष्ट मात्र दाखवली आणि ती मोलाची होती. वीज घेणाऱ्या रोलरवर खोल चर पडलेला, चाकांच्या कडा घासून चकाकलेल्या, छतावरच्या पेंटोग्राफच्या सांध्यांवरचा मुलामा उडालेला. हे इंजिन भरपूर धावलं आहे, भरपूर हाताळलं गेलं आहे. मग बॉडीच्या मध्यावरचे, बरोबर हाताच्या पकडीतले पट्टे इतके भरगच्च कसे? झीज सगळीकडे सारखी नसते हे मान्य, पण तिचा मेळ लागावा लागतो. खालचा भाग दमलेला आणि वरचा कोरा, असं दिसलं की एक तर बॉडी वेगळ्या इंजिनाची आहे किंवा रंग वेगळ्या काळाचा.

दुसरी पायरी अक्षरं आणि आकडे. तपासणीचा खरा वेळ इथे द्यावा.

लायनेलच्या त्या काळातल्या इंजिनांवर खुणा उमटवण्याच्या तीन पद्धती भेटतात आणि भिंगाखाली तिन्ही वेगळ्या दिसतात. रबरी शिक्क्यात शाई दाबाने बाहेर सरकते. पोस्टाच्या शिक्क्यासारखी अक्षराच्या कडेला दाट रेघ आणि मध्ये जरा विरळ पट्टा दिसतो. कुठे शिक्का किंचित घसरून दुहेरी कड उमटते, गोलाईकडे वळताना टोक फिकं पडतं. शाई रंगावर अगदी पातळ बसते, नखाला जाणवत नाही. गरम ठशात तापलेला साचा रंगीत पन्नीवर दाबतात. त्यामुळे कड धारदार येते, अक्षर रंगात किंचित रुतलेलं असतं आणि तिरक्या उजेडात त्याच्या कडेला बारीक सावली पडते. तिसरा प्रकार डेकल: छपाई एका पारदर्शक पापुद्र्यावर असते आणि पापुद्रा अक्षराच्या बाहेरपर्यंत पसरलेला असतो. तो पापुद्राच शोधायचा.

विजेरी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात झोत सोडावा आणि इंजिन सावकाश फिरवावं. विजेरी फिरवू नये. इंजिन फिरवलं की चकाकीची रेघ अक्षरांवरून सरकत जाते आणि पापुद्र्याच्या कडेला अडखळते. या इंजिनावर ती 2340 च्या चारही आकड्यांभोवती एका आयताच्या आकारात अडखळली. आयताचा एक कोपरा किंचित गोल कापलेला, त्याच्या कडेला धुळीची बारीक रांग. शेवटच्या शून्याच्या पोटात रुपेरी झाक होती. पापुद्र्याखाली हवा अडकली की ती अशी दिसते, आणि शिक्क्याखाली हवा अडकायला जागाच नसते. नंबर डेकलचा आहे हे इथे पक्कं झालं. 2340 वर नंबर रबरी शिक्क्याचा असायला हवा.

इथे घाई करू नये. ‘डेकल दिसलं म्हणजे नकली’ हा ठोकताळा जीजी-1 ला लागू पडत नाही. कीस्टोन मुळातच डेकलचा असू शकतो. 2332 मध्येसुद्धा कीस्टोन शिक्क्याचा आणि डेकलचा असा दोन्ही प्रकारे सापडतो. आणि एका पट्ट्याच्या टस्कन 2360 वर तर अक्षरं रबरी शिक्क्याची, गरम ठशाची आणि डेकलची, तिन्ही प्रकारची कारखान्यातूनच निघाली आहेत. तिथे डेकलचा नंबर पाहून इंजिन बाद केलं तर चांगलं मूळ इंजिन हातचं जातं. प्रश्न नेहमी जोडीने विचारावा: ही खूण कशाने उमटवली, आणि या नंबरावर, या पट्ट्यांसोबत, त्या वर्षी ती तशी उमटवत होते का? पाच पट्टे, 2340 आणि डेकलचा नंबर ही जोडी जुळत नाही.

पट्ट्यांकडे वळू. बॉडीच्या बाजूला दारं, जाळ्या, उंचसखल कडा आहेत. रबरी शिक्का वरच्या पातळीवर टेकतो, खाचेच्या तळाशी उतरत नाही. म्हणून मूळ पट्ट्यात दाराच्या कडेशी केसाएवढी फट राहते किंवा शाई फिकी होते. डेकल उलट वागतो. मऊ करणारं द्रावण नीट लावलं नसेल तर तो खाचेवरून पुलासारखा ताणला जातो. लावलं असेल तर खाचेत पूर्ण बसतो आणि सोनेरी रंग तळापर्यंत सलग दिसतो. दोन्ही गोष्टी शिक्क्याला अशक्य. या इंजिनाच्या डाव्या बाजूला दाराच्या मागच्या कडेवर पाचही रेघा पुलासारख्या ताणलेल्या होत्या, आणि त्यातली वरून दुसरी मधोमध चिरली होती. चिरेतून दिसत होता टस्कन रंग, आणि त्या चिरेच्या दोन्ही ओठांवर पारदर्शक, किंचित पिवळट थर.

हा पिवळट थर म्हणजे वार्निश. डेकल टिकावा म्हणून सगळ्या बॉडीवर मारलेलं. एकदा ते कळलं की बाकीचं दिसू लागतं: कीस्टोन, पट्टे, नंबर आणि मोकळा रंग यांची चकाकी एकसारखी. मूळ इंजिनावर शाईची चकाकी आणि रंगाची चकाकी निराळी असते. अतिनील दिव्याखाली संपूर्ण बॉडी सारख्याच दुधाळ रंगात उजळली. या दिव्यावर एकट्याने निकाल देऊ नये, कारण जुनं मेण आणि पॉलिशही उजळतं. इथे तो फक्त वार्निशला दुजोरा देतो.

आकड्यांचा घाट तपासण्याची एक सोपी रीत आहे. फोटोवरूनही ती चालते, म्हणून दूरच्या खरेदीत फार कामाची. मिलिमीटर मोजण्याऐवजी गुणोत्तर काढावं: आकड्याची उंची भागिले सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या पट्ट्यातलं अंतर. खात्रीच्या मूळ 2340 च्या फोटोवरून तेच गुणोत्तर काढावं आणि दोन्ही शेजारी ठेवावी. फोटो काटकोनात आणि निदान एक मीटर अंतरावरून, झूम करून घेतलेला हवा. फोन जवळ नेऊन काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो आणि चांगलं इंजिन संशयित ठरतं. उंचीसोबत 3 चा वरचा बाक, 4 चं पोट बंद आहे की उघडं, 0 गोल की लांबट, हे पाहावं. इथे उंची जवळपास जुळली, पण 4 ची उभी रेघ जास्त जाड होती आणि मुख्य म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंचे नंबर एकमेकांशी अगदी तंतोतंत होते. हाताने मारलेले दोन शिक्के इतके सारखे येत नाहीत.

तिसरी पायरी आतली बाजू. विकणाऱ्याची परवानगी घेऊनच बॉडी उघडावी. परवानगी मिळत नसेल तर ‘मूळ’ या शब्दाचे पैसे देऊ नयेत.

इंजिन फोमवर उलटं ठेवून, पेंटोग्राफ खाली दबणार नाहीत अशी दोन्ही टोकांना टेकू देऊन स्क्रू काढले. आत हॉर्नची बॅटरी असेल तर आधी ती बघावी. जुनी बॅटरी फुटून पाझरलेली असेल तर तिचा क्षार धातू आणि रंग दोन्ही खातो, आणि त्या डागांवरून कुणी रंगाचं वय काढू लागलं तर फसतो.

कारखान्यात बॉडी बाहेरून फवारली जाई आणि आत फक्त कडेकडेने रंगाची धूळ जाई, तीही विरत जाणारी. इथे आतला धातू सगळीकडे सारखा स्वच्छ, फिकट राखाडी, हाताला किंचित खरबरीत. म्हणजे बॉडी द्रावणात बुडवून जुना रंग उतरवलेला आणि वर बारीक वाळूचा मारा केलेला. कोपऱ्यांत पांढरट साका राहिला होता. रंग उतरवणारं रसायन नीट धुतलं नाही की तो राहतो. आणि शेवटी ज्याच्यासाठी बॉडी उघडायची ते सापडलं: स्क्रूच्या आटे पाडलेल्या भोकात, दुसऱ्या-तिसऱ्या आट्याच्या खाचेत, काळपट हिरवा रंग. पेंटोग्राफच्या बैठकीचा स्क्रू सैल केल्यावर तिच्या खालच्या भोकातही तोच. तिथे ब्रशही पोचत नाही आणि वाळूही, म्हणून जुना रंग नेहमी तिथेच मागे राहतो.

हा ब्रन्सविक हिरवा साध्या बल्बखाली काळाच वाटतो. ढगाळ दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी, शेजारी काळ्या कागदाचा तुकडा धरून बघावा, मग हिरवा उघडा पडतो. (याच गोंधळातून कितीतरी साधी हिरवी 2332 ‘दुर्मिळ काळं 2332’ म्हणून विकली जातात. खरं काळं अतिशय निस्तेज, मॅट काळं असतं. कागदाची ही कसोटी तिथेही करावी.)

बॉडी उघडल्यावर एक शंका रास्तपणे उभी राहते: कारखान्यानेच एखादी हिरवी बॉडी टस्कन रंगात पुन्हा रंगवली असेल तर? अशी उदाहरणं खेळण्यांच्या जगात असतात. पण कारखाना वरून रंग मारेल, जुना रंग द्रावणात उतरवून वाळू मारत बसणार नाही. तसं असतं तर टस्कनच्या खाली सगळीकडे हिरवा थर मिळाला असता, वरचे पट्टे आणि नंबर शिक्क्याचे असते, आणि सगळ्यावर वार्निश नसतं. इथे हिरवा फक्त भोकांत उरला आहे. शंका मिटते.

खोक्याचं काय? खोकं अस्सल वाटतं. पुठ्ठा बरोबर, छपाई बरोबर, अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकत नाही. नव्या नकली खोक्यांचा कागद बहुधा चमकतो. टोकावर 2340-1, म्हणजे टस्कनचं खोकं. आणि म्हणूनच ते या इंजिनाचं नाही, कारण ही बॉडी जन्मतः हिरवी आहे. अस्सल खोक्यात दुसरं इंजिन घालणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक फसवणुकीचा मार्ग आहे. खोक्याची किंमत वेगळी धरावी, ते इंजिनाचा दाखला म्हणून वाचू नये.

निष्कर्ष असा लिहिला: दोन मोटरींची, मॅग्नेट्रॅक्शन असलेली चासी, चालू स्थितीत, मूळची हिरवी बॉडी, रंग उतरवून टस्कन रंगकाम, पट्टे आणि नंबर डेकलचे, वरून वार्निश, खोकं अस्सल पण या इंजिनाचं नव्हे. बॉडी मुळात कोणत्या नंबराची, यावर मुद्दाम काही लिहिलं नाही. जुना शिक्का रंगाबरोबर गेला आहे. हिरव्या पाच पट्ट्यांच्या बॉडी 2332, 2330, 2340 आणि 2360 या चारही नंबरांवर आल्या. ‘बहुधा 2340-25’ असं पुटपुटलं तरी पुढच्या विक्रीत ते ‘2340-25 वर रंगकाम’ होतं आणि त्याच्या पुढच्या विक्रीत ‘2340’.

प्रतवारीबद्दल दोन शब्द. अमेरिकेतली ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन ही संस्था 1954 पासून आहे आणि इंजिनाची अवस्था सांगणाऱ्या तिच्या 1 ते 10 अशा सी-श्रेणी संग्राहक सर्रास वापरतात. पुन्हा रंगवलेल्या इंजिनाला त्या पट्टीवर 8 किंवा 9 म्हणू नये, दिसायला कितीही देखणं असलं तरी. त्याच्यापुढे ‘पुनर्रंगित’ असं स्पष्ट लिहावं आणि किंमत चांगल्या धावणाऱ्या इंजिनाची लावावी. या प्रकरणात तीच बोली लावली गेली.

काय करू नये तेही इथेच. सोनेरी पट्टा शिक्क्याचा की डेकलचा हे बघण्यासाठी स्पिरिट किंवा ॲसिटोन लावू नका. शिक्क्याचा असेल तर पट्टा बोळ्यावर येतो आणि तुम्ही पुराव्यासकट इंजिनाची किंमत पुसून टाकता. साबणाचं पाणीही पट्ट्यावर घासू नये. पाण्याने जेमतेम ओला बोळा पट्ट्याच्या बाजूने फिरवावा, त्यावरून नाही. रंगाची द्रावणचाचणी करायचीच तर आतल्या कडेवर, टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत. नवं ॲक्रिलिक लगेच मऊ पडतं. पण रंगकाम एनॅमलचं असेल तर ही चाचणी काहीच सांगत नाही, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये.

दूरवरून फोटो पाहून घेणाऱ्यांनी, मग ते पुण्यात असोत की न्यू जर्सीत, विकणाऱ्याकडे सहा फोटो मागावेत: दोन्ही बाजूंचे नंबर तिरक्या उजेडात जवळून, दाराच्या कडेवरचे पट्टे जवळून, बॉडीची आतली बाजू, स्क्रूची भोकं, आणि खालून रोलर व चाकं. आतले फोटो द्यायला नकार मिळाला तर तेही उत्तरच समजावं. पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या खेळण्यातल्या रेल्वेच्या मेळ्यासारख्या ठिकाणी जाणं जमत असेल तर एकाच टेबलावर दोन-तीन 2340 शेजारी ठेवून पाहण्याची संधी सोडू नये. शिक्क्याच्या शाईची ओळख फोटोवरून अर्धीच होते.

आणि इंजिन भारतात आणत असाल तर सोबतचा जुना लायनेल ट्रान्सफॉर्मर भिंतीतल्या 230 व्होल्टला थेट लावू नका, तो 110-120 व्होल्टसाठी गुंडाळलेला आहे. मध्ये व्होल्टेज उतरवणारा पुरेशा वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. 60 ऐवजी 50 हर्ट्झवर लायनेलचा ट्रान्सफॉर्मर जास्त गरम होतो, म्हणून पूर्ण भाराने फार वेळ चालवू नये, आणि दोन मोटरींचं जीजी-1 ओढायला तो मुळात दणकट असावा.